फॉस्टर केअर आणि बालपोटगी : सुधारणांचा सरकारी खर्च (अमेरिका)

घरात सुरक्षित नसलेल्या मुलांना सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात, नातलगांकडे किंवा सामूहिक निवासात ठेवण्याची व्यवस्था म्हणजे फॉस्टर केअर. मुलापासून वेगळ्या राहणाऱ्या पालकाकडून त्याच्या पालनपोषणाची रक्कम मिळवून देण्याची व्यवस्था म्हणजे बालपोटगी. अमेरिकेत दोन्ही कार्यक्रम सामाजिक सुरक्षा कायद्याच्या चौथ्या प्रकरणाखाली येतात. ते राज्ये चालवतात, खर्चाचा मोठा वाटा संघ सरकार उचलते.

खर्चाची वाटणी : पोटगीवसुलीचा संघीय कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू झाला. त्याच्या प्रशासकीय खर्चापैकी ६६ टक्के संघ सरकार देते. फॉस्टर केअरच्या अनुदानाची सध्याची चौकट १९८० च्या कायद्याने घातली. पात्र मुलाच्या निर्वाहखर्चातील संघीय वाटा राज्याच्या दरडोई उत्पन्नानुसार ठरतो. मात्र मुलाची पात्रता १९९६ मध्ये बंद झालेल्या एका कल्याण योजनेच्या उत्पन्नमर्यादेवरून ठरते. ही मर्यादा महागाईबरोबर वाढत नसल्याने वर्षागणिक कमी मुले तिच्यात बसतात आणि उरलेल्यांचा भार राज्यांवर पडतो.

सुधारणा : २०१८ च्या ‘फॅमिली फर्स्ट’ कायद्याने मूल घरातून हलवण्याची वेळ येण्याआधीच व्यसनमुक्ती, मानसोपचार व पालकांना मार्गदर्शन यांसाठी संघीय निधी खुला केला. सामूहिक निवासांसाठी मिळणारा निधी बहुतेक बाबतींत दोन आठवड्यांपुरता मर्यादित केला. अशा विधेयकांचा खर्च अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) अंदाजपत्रक कार्यालय मांडते. हे अंदाज साधारणतः दहा वर्षांचे असतात. त्यानंतर होणारी बचत त्यांत दिसत नाही.

वसुलीचा प्रश्न : सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबाची पोटगी बऱ्याचदा मुलाच्या हाती न पडता मदतीच्या परतफेडीत जमा होते. ती कुटुंबाला द्यायची म्हटले, की सोडलेला महसूल सरकारी हिशेबात खर्च ठरतो. १९८४ च्या दुरुस्तीने फॉस्टर केअरमधील मुलांच्या आईवडिलांकडूनही, योग्य वाटेल तेथे, अशी वसुली सुरू झाली. मूल परत मिळावे म्हणून घरभाड्याची अनामत साठवणाऱ्या आईच्या पगारातून आधी या वसुलीचा हप्ता कापला जाऊ शकतो. मग घर मिळायला जितका उशीर होतो, तितका काळ मूल बाहेर राहते आणि सांभाळणाऱ्या कुटुंबाला सरकार तितके महिने पैसे मोजते. संघ सरकारने २०२२ मध्ये राज्यांना ही वसुली अपवादानेच करण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला.

मूल्यमापन : ज्या गरीब आईवडिलांकडे मूल परत जायचे आहे, त्यांच्याकडूनच पैसे काढणे ही बचत नव्हे. कोणत्याही सुधारणेचा ताळेबंद मांडताना मूल किती दिवस घराबाहेर राहिले, हे खर्चाच्या बाजूला धरलेच पाहिजे. तो आकडा वगळणारा अंदाज अपुरा असतो आणि मुलांवर अन्याय करणारा ठरतो.