तलावाचं गणित आणि बफरिंगचं चक्र

1917 साली दोन कामं पुरी झाली. एक तिरोडा तालुक्यात, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात: बोदलकसा इथल्या ओढ्याला मातीची भक्कम पाळ घालून तलाव झाला. दुसरं कोपनहेगनमध्ये: टेलिफोन कंपनीत नोकरी करणाऱ्या आग्नर एरलांग या गणितज्ञाने एक सूत्र छापलं. इतक्या तारा असतील आणि इतके फोन येत असतील, तर किती जणांना ‘लाइन बिझी’ ऐकावं लागेल, हे त्यातून काढता येई.

या दोघांचा एकमेकांशी संबंध असायचं काही कारण नव्हतं. पण भानगड एकच होती. येणारं आपल्या मर्जीने येतं, जाणाऱ्याची वाट अरुंद असते. मधे किती जागा ठेवायची?

गोंदिया-भंडाऱ्याच्या लोकांना हा प्रश्न जुनाच होता. पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, आणि ऐन रोवणीत दडी मारली की पऱ्हे पिवळे पडतात. म्हणून गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधले गेले. त्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावावर सांगितला जातो. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले, आणि मालगुजारी संपल्यावर ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव झाले. 1896 ते 1900 दरम्यानच्या दुष्काळांनी सरकार हादरलं, सिंचन आयोग बसला, आणि मध्य प्रांतात सरकारी तलावांची कामं निघाली. बोदलकसा त्याच पिढीतला. आज त्याची नोंद मध्यम प्रकल्पांत होते. उपयुक्त साठा साधारण 16 दशलक्ष घनमीटर.

आता मोबाइल हातात घ्या. यूट्यूबवर व्हिडिओ लावला की लाल रेघेच्या पुढे एक फिकट पट्टी सरकत असते. ती पट्टी म्हणजे येऊन पडलेला, पण अजून न पाहिलेला व्हिडिओ, म्हणजेच बफर. नेटवर्क मधेच गेलं तरी तेवढा साठा चालतो. तो आटला की चक्र फिरू लागतं. रोवणीच्या वेळी तलावावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बफर भरून वाहू लागला तर? तलावाला सांडवा असतो. नेटवर्कमधल्या राउटरला मात्र सांडवा नाही. तो माहितीची जादा पाकिटं सरळ टाकून देतो.

हे नुसतं उपमेचं साम्य आहे, असं वाटेल. तसं नाही. हॅरोल्ड हर्स्ट नावाचा इंग्रज जलशास्त्रज्ञ इजिप्तमध्ये नाईलवर किती मोठं धरण लागेल हे शोधत होता. त्याने नदीच्या पातळीच्या शेकडो वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि 1951 मध्ये दाखवून दिलं, की ओली वर्षं ओल्यांना चिकटून येतात आणि कोरडी कोरड्यांना. म्हणून सरासरीवर बांधलेलं धरण फसतं. चाळीसेक वर्षांनी अमेरिकेत बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी इथरनेट या संगणकांच्या जाळ्यावरची वाहतूक मोजली, तर तिथेही तेच: गर्दीच्या पाठी गर्दी. हा चिकटपणा मोजायला त्यांनी हर्स्टचाच घातांक वापरला. मधल्या काळात मोरन आणि केंडल या गणितज्ञांनी धरणांचं आणि रांगांचं गणित शेजारीशेजारी बसवलं होतं. 1986 मध्ये जोनाथन टर्नरने नेटवर्कमध्ये जो ‘गळकी बादली’ नावाचा नियम सुचवला, त्याचं एक रूप तर तलावाच्या तुडुमाचा, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाचाच भाऊ: वरून कितीही लोंढा येवो, खालून ठरल्या धारेनेच सुटणार.

एक शब्द मात्र संगणकवाल्यांनी जास्तच खरा निवडलाय. वरचढ कामं सतत पुढे घुसत राहिली आणि शेवटच्या कामाला प्रोसेसर मिळालाच नाही, की त्याला ते ‘स्टार्व्हेशन’ म्हणतात, उपासमार. कालव्याच्या टेलला जमीन असलेल्या माणसाला याचा अर्थ शब्दकोशात बघावा लागणार नाही. त्यावर उपायही जुनाच. दख्खनच्या कालव्यांवर ‘शेजपाळी’ आहे, शेजाऱ्यामागून शेजाऱ्याची पाळी. संगणकात तिचा चुलतभाऊ ‘राउंड रॉबिन’, फरक इतकाच की तिथली पाळी सेकंदाच्या बारीक तुकड्यांत संपते.

‘क्यू’ म्हणजे संगणकातली रांग काय असते हे पाठ करून परीक्षा देणाऱ्या तिरोड्याच्या मुलामुलींनी म्हणूनच आधी इंटरनेटवर दोन ठिकाणं उघडावीत. ‘विज्युअल्गो’ हे सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या स्टीव्हन हालिम यांनी 2011 मध्ये सुरू केलेलं साधन. त्यात रांगेत आकडे घालता-काढताना डोळ्यांसमोर दिसतात. दुसरं युरोपीय आयोगाचं ‘ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर’. त्यात 1984 पासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून कुठे वर्षातले किती महिने पाणी टिकतं, ते रंगांत पाहता येतं. नकाशा ओढत बोदलकशावर आणा आणि काठाचा रंग मधल्या रंगापेक्षा वेगळा का, ते गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून या. दोन्ही साधनांना पैसे पडत नाहीत.