साथीची गणिती प्रतिमाने : घातांकी आणि लॉजिस्टिक

साथरोगाचा चढ-उतार आकड्यांत मांडण्याच्या दोन पायाभूत पद्धती. घातांकी प्रतिमानात नव्या रुग्णांची भर असलेल्या रुग्णांच्या प्रमाणात पडते, म्हणून ठरावीक मुदतीने संख्या दुप्पट होत जाते. दर ४ दिवसांनी दुप्पट होणारे १० रुग्ण ४० दिवसांत १०,२४० होतात आणि ८० दिवसांत एक कोटीपार, म्हणजे बीड जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या (२०११ : सुमारे २५.८५ लाख) चौपट. साहजिकच हे सूत्र साथीच्या सुरुवातीपुरतेच खरे. बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी मांडलेल्या लॉजिस्टिक सूत्रात वाढीला कमाल मर्यादा असते; निम्मी मर्यादा गाठेपर्यंत वेग चढतो, पुढे उतरतो.

याचे गाजलेले उदाहरण मुंबईचे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर तो वर्षानुवर्षे परतत राहिला. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील मुंबईचे आठवडी मृत्यू घेऊन एडिंबरोच्या केरमॅक व मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या निबंधात आपला वक्र पडताळला. मॅकेंड्रिक पूर्वी भारतातील वैद्यकीय सेवेत होते. नोंदलेल्या रुग्णांपैकी ८० ते ९० टक्के दगावत, म्हणून साथीतून बाहेर पडलेल्यांच्या जागी त्यांनी मृत्यूच धरले. त्यांच्या वक्राचे शिखर १७व्या आठवड्यात, ८९० मृत्यूंचे आहे. एकूण मृत्यूंची बेरीज लॉजिस्टिक वळणाने ८,९०० कडे जाते; आरंभीची दुपटीची मुदत सुमारे १२ दिवस निघते.

वक्र आकड्यांवर छान बसतो, पण तेवढ्याने कारण सिद्ध होत नाही. प्लेग उंदीर व पिसवांमार्फत पसरतो, आणि मुंबईत तो ऋतूप्रमाणे चढे-उतरे. म्हणजे उन्हाळ्यातली ओसर माणसे बाधित होऊन संपल्यामुळेच आली, असे म्हणता येत नाही. उंदरांची अडचण खुद्द लेखकांनीही नमूद केली होती. पाठ्यपुस्तके ती बहुधा गाळतात.

दोन्ही प्रतिमाने लोकसंख्या बंदिस्त मानतात. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात हे गृहीतक दरवर्षी मोडते : दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या अशा मजुरांना गावी जाण्याची परवानगी शासनाने दिली. अशा तालुक्यासाठी ये-जा धरणारे प्रतिमानच वापरावे लागते.