नायक, मराठी कादंबरीतील

कथात्मक साहित्यातील नायक पुष्कळदा एकमेकांसारखे भासतात. मराठी कादंबरीच्या इतिहासात या साम्याची दोन कारणे प्रामुख्याने दिसतात : वाङ्मयीन संकेत आणि लेखक-वाचकांचा समान सामाजिक थर.

संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे चार प्रकार मानले. नायक हा व्यक्तीपेक्षा गुणसमुच्चय असावा, ही दृष्टी आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतही टिकून राहिली. ल. मो. हळबे यांची मुक्तामाला (१८६१) व ना. स. रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) यांतील रूपगुणसंपन्न प्रेमिक अनेक संकटांतून जातात. परंतु त्या अनुभवांनी त्यांचे स्वभाव पालटत नाहीत. ह. ना. आपटे यांनी पण लक्षात कोण घेतो? या कादंबरीत (१८९०–९३) यमूला तिची कहाणी घरगुती भाषेत स्वमुखाने सांगावयास लावून हा संकेत मोडला.

पुढे ना. सी. फडके यांचा प्रणयी नायक व वि. स. खांडेकर यांचा ध्येयवादी नायक लोकप्रिय झाले. प्रवृत्तीने भिन्न असूनही ते बहुधा सुशिक्षित मध्यमवर्गातील असत. वाचकाला नायकाच्या जागी स्वतःस कल्पिता यावे, म्हणून त्याची बोली, उपजीविका, कर्ज, जात इ. तपशील पुसट ठेवले जातात. गौण पात्रांवर हे बंधन नसते. म्हणूनच ती अनेकदा नायकापेक्षा अधिक ठसठशीत उतरतात.

लेखकांचे अनुभवक्षेत्र विस्तारले, तसे हे चित्र बदलले. विभावरी शिरूरकर यांची बळी (१९५०), व्यंकटेश माडगूळकर यांची बनगरवाडी (१९५५), अण्णा भाऊ साठे यांची फकिरा (१९५९) व उद्धव शेळके यांची धग (१९६०) यांत माणसे आपापल्या श्रमांसह, बोलीसह व अभावांसह अवतरली. भालचंद्र नेमाडे यांच्या कोसला मधील (१९६३) पांडुरंग सांगवीकराने तर कर्तृत्ववान नायकाची कल्पनाच नाकारली. तथापि, त्यानंतर तुटलेपणाने ग्रासलेला महाविद्यालयीन तरुण हाही एक परिचित नमुना बनला. साचा मोडणारी व्यक्तिरेखा यशस्वी झाली, की तिचाच साचा होतो. त्यामुळे नायकांचे वैविध्य केवळ लेखकाच्या प्रतिभेवर अवलंबून राहत नाही. कोणत्या समाजगटांना लिहिण्याची व वाचले जाण्याची संधी मिळते, यावरही ते अवलंबून असते.