भांडणाचे कागद

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेला माणूस आधी काय विचारतो? मूळ पुरुष कोण, तो कुठून आला, पाटीलकी कुणी दिली, कुठल्या लढाईत कोण पडला. मग भाटाची वही, देव्हाऱ्यातला टाक, जुन्या वाड्याची चौकट असं करत करत एक वंशावळ तयार होते. त्या वंशावळीत फक्त बापे असतात. आई, बहीण, सून, मुलगी... कुणाचाच पत्ता नाही. जणू सात पिढ्या पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिला!

मला विचाराल तर घराण्याचा खरा इतिहास भांडणाच्या कागदात सापडतो. माणसं गुण्यागोविंदानं नांदली तर कुणी काही लिहून ठेवत नाही. भावाभावांत वाटणीवरून जुंपली, विधवेनं अन्नवस्त्र मागितलं, दत्तकाला कुणी हरकत घेतली की मग मात्र सगळं लिहिलं जातं. कोण कुणाचा कोण, कोण कधी वारलं, कुठली विहीर कुणी खोदली, चुली कधी वेगळ्या झाल्या. आणि वंशावळीतून गायब झालेली बाई इथे आपल्या नावानिशी उभी असते, वादी म्हणून किंवा प्रतिवादी म्हणून.

आता हे कागद मंचरसारख्या ठिकाणी शोधायचे कुठे? आजच्या शहरी माणसाला वाटतं, कौटुंबिक न्यायालयात. पण कौटुंबिक न्यायालयाचा कायदा १९८४ चा, आणि तोही मुख्यतः दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांसाठी. आंबेगाव तालुक्यात बाजार मोठा मंचरचा, पण तालुक्याची कचेरी आणि कोर्ट घोडेगावला. तिथे ‘कौटुंबिक’ अशी वेगळी पाटी नाही, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात तर ती कुठेच नव्हती. वाटणीचा दावा दिवाणीत. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा पोटगीचा अर्ज फौजदारीत, १८९८ च्या संहितेचं कलम ४८८, पुढे १९७३ च्या संहितेचं १२५, आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. वारसाची नोंद महसुलात, दत्तकपत्र निबंधकाकडे. एकाच घरातलं भांडण असं चार कचेऱ्यांत विखुरलेलं असतं.

त्यामुळे पहिल्यांदाच कोर्टात जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. तिथला पहिला प्रश्न असतो, ‘दावा नंबर?’ आणि तो तर आपल्याला ठाऊक नसतो. म्हणून सुरुवात जमिनीपासून करावी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि तेव्हापासून जमिनीवरचा हक्क बदलला की त्याची नोंद फेरफारात होऊ लागली. गाव नमुना सहा म्हणतात तो हाच. आजच्या सातबाऱ्यावर गोल करून जे छोटे आकडे लिहिलेले असतात ते या फेरफारांचे नंबर. एकेक आकडा धरून मागे मागे जात राहायचं. कुठे खरेदी, कुठे गहाण, कुठे ‘मयत, वारस अमुक’. आणि मध्येच एखाद्या फेरफारात एक ओळ भेटते: अमुक कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणे. सोबत दाव्याचा नंबर आणि साल. सापडली किल्ली!

हे असं होतं त्यामागे एक कायदेशीर कारण आहे. शेतसारा भरणाऱ्या जमिनीची वाटणी कोर्ट स्वतः करत नाही. कोर्ट फक्त कुणाचा हिस्सा किती ते ठरवतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जागेवर वाटप करायचं काम कलेक्टरकडे, म्हणजे प्रत्यक्षात तहसील कचेरीकडे जातं. त्यामुळे निकालाची सावली महसुलाच्या दप्तरात पडतेच. कोर्टातल्या फायलीचं काही सांगता येत नाही. १९१७ च्या कायद्यानं निकामी कागद नष्ट करायची मुभा दिली आहे. कागदांचे वर्ग पाडलेले असतात, निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त जपतात, बाकीचे किरकोळ अर्ज, समन्स वगैरे ठरावीक वर्षांनी जातात. म्हणजे गंमत बघा, ज्या जबान्यांमध्ये माणसं बोलतात त्या जाण्याची भीती जास्त, आणि रुक्ष हुकूमनामा टिकण्याची शक्यता जास्त. तरी नंबर हातात असला तर नकलेचा अर्ज करून बघावा. कैफियत आणि जबान्या मिळाल्या तर नशीबच म्हणायचं.

आमच्या भागात आणखी एक घोळ आहे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तालुके आठ, आणि त्यांत आंबेगाव नाही! तेव्हा आंबेगाव हा खेड तालुक्याचा पोटभाग होता. मंचर खेडात, घोडेगावही खेडात. जुन्नर मात्र तेव्हाही स्वतंत्र तालुका. म्हणजे मंचरच्या माणसानं जुने कागद शोधताना खेडच्या, म्हणजे आजच्या राजगुरुनगरच्या दप्तराचाही विचार करायला हवा. आणि ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव गेलं, पण त्याचे कागद कचेरीत राहिले. धरणात जमीन गेलेल्या माणसाला आपण कुणाचे वारस हे सांगायला शेवटी त्या कागदांचाच आधार.

कागदाचं मोल आमच्या मुलखाला नवीन नाही. घोडनदीच्या वरच्या अंगाला घोडेगाव आणि खालच्या अंगाला शिरूर. त्या शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या अखेरीस एका सावकारानं कोर्टाचा हुकूमनामा आणून एका देशमुखाच्या घरावर टाच आणली. त्यावरून गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याला उठाव झाला आणि तो गावोगाव पसरला. लोकांनी काय केलं? माणसं मारली नाहीत, कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. अक्षरशत्रू म्हणवणाऱ्या कुणब्याला नेमकं कळलं होतं की आपला गळा कुठल्या कागदात अडकलाय. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचा कर्जाचा दस्त ग्राम निबंधकासमोर करणं भाग पडलं. इतिहास शोधणाऱ्याला याचा फायदा असा की साध्या शेतकऱ्याचा व्यवहारही नोंदला जाऊ लागला. आणि बहुतेक घरातल्या वाटणीच्या मुळाशी कर्ज असतंच. थोरल्यानं काढलेलं कर्ज घराचं की त्याचं एकट्याचं, यावरून किती चुली वेगळ्या झाल्या असतील!

त्याच्याही मागे जायचं तर पेशवाई. तेव्हा वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत, साक्षी होत, आणि ठरलेलं महजरात किंवा निवाडपत्रात लिहिलं जाई. खाली नांगर, तराजू, कट्यार अशा ज्याच्या त्याच्या धंद्याच्या निशाण्या. यातले बरेच कागद आज पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे आपल्या ‘पेशवे दप्तरात’ आहेत. ते मोडीत आहेत ही खरी अडचण. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी महाराष्ट्रभर जुनी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. कोतवाल बुकं, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा, लोक पहिल्यांदाच उलगडून बघत होते. पण सगळ्यांची बोटं जातीच्या रकान्यावरून फिरत होती. शेजारच्या रकान्यात एखादी पोर सव्वा वर्षाची होऊन वारली असं लिहिलेलं असेल, तिकडे कोण बघतो?

आणि काही भांडणं तर कुठेच लिहिली गेली नाहीत. नवराबायकोचं न पटणं ही आपल्याकडे बहुतेक जातींत जातपंचायतीची बाब होती. काडीमोड होई, बाई पाट लावून दुसरं घर करी. ब्राह्मण आणि त्यांच्यासारखं वागणाऱ्या जाती सोडल्या तर ही सर्रास रीत होती. आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२७ मध्ये दख्खनच्या जातींच्या चालीरीती छापल्या त्यात हे आहे. पण पंचायत उठली की विषय संपला, फार तर एखादी सोडचिठ्ठी. याच्या उलट मुंबईतली रखमाबाई बघा. नवऱ्यानं नांदायला यावं म्हणून दावा लावला, १८८५ मध्ये ती जिंकली, अपिलात प्रकरण फिरलं, १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग असा हुकूम झाला, १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. हायकोर्ट होतं, वर्तमानपत्रं होती म्हणून आपल्याला ती तारीखवार माहीत आहे. भीमाशंकरच्या बाजूच्या महादेव कोळ्यांच्या वाडीतल्या बाईनं त्याच साली नवरा सोडला असेल तर तिचा कागद नाही. आजही अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांची रूढीच चालते. म्हणजे कागद नसणं याचा अर्थ तिथे काही घडलं नाही असा नव्हे. कदाचित कोर्टात न जाता सुटलं, इतकंच.

कोर्टात आलेली बाई बहुतेक वेळा विधवा असे. एकत्र कुटुंबात तिला हिस्सा नव्हता, फक्त अन्नवस्त्र. दीर-पुतण्यांनी तेही नाकारलं की दावा. शिवाय मुंबई इलाख्यात विधवेला साधारणपणे नवऱ्याच्या परवानगीवाचून दत्तक घेता येई, बंगालमध्ये ते चालत नसे. म्हणून आपल्याकडे दत्तकावरून इतकी भांडणं! दत्तक हे त्या बाईचं एकमेव हत्यार होतं. पुढे १९३७ च्या कायद्यानं तिला थोडा हक्क दिला, १९५६ च्या कायद्यानं पुरी मालकी.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर थांबा. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलगी जन्मानंच सहदायाद आहे, बाप २००५ मध्ये हयात असो वा नसो. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेलं असेल तर ते कायम. रीतसर म्हणजे नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं. ‘आमची तोंडी वाटणी कधीच झाली’ एवढं म्हणून सहसा भागत नाही. म्हणजे घोडेगावच्या किंवा जुन्नरच्या दप्तरात पिवळा पडलेला एखादा हुकूमनामा आज एखाद्या आत्याचा हक्क ठरवू शकतो. तो आहे की नाही, हे तिलाही कळायला हवं, फक्त भावांना नको.

एक पथ्य मात्र पाळावं. वाटणीचे कागद वेगळे आणि घटस्फोटाचे वेगळे. विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे त्या प्रकरणातली हकीकत छापून प्रसिद्ध करायला मनाई आहे, वरच्या कोर्टांचे परवानगीनं छापलेले निकाल सोडून. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, हयात माणसांची जखम आपल्या हौसेसाठी चव्हाट्यावर कशाला आणायची?

असो. घरात जुन्या ट्रंकेत फडक्यात बांधलेलं बोचकं असेल तर ‘भांडणाचे कागद’ म्हणून टाकून देऊ नका. सातबारा काढा, सगळ्यात जुन्या फेरफारापर्यंत जा. आणि वंशावळ लिहिताना त्यात ज्या ज्या बाईचं नाव भेटेल ते तिच्या नवऱ्याशेजारी लिहून टाका. सुरुवातीला एखाददुसरंच भेटेल, पण भेटेल.