तबकातले नाव आणि दप्तरातले नाव

नवी सून माप ओलांडून घरात आली, की आपल्याकडे एक लहानसा विधी होतो. तबकात तांदूळ पसरतात आणि नवरा मुलगा अंगठीच्या टोकाने त्यांत वधूचे नवे नाव लिहितो. जमलेल्या बायका ते वाचतात, पेढे वाटले जातात, आणि घटकाभराने ते तांदूळ गोळा होतात. अक्षरे मोडतात, नाव मात्र जन्मभर चिकटते. स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे अशी चिटणीसबाईंची सूचना आली, तेव्हा मनात आले, की लढायांचा आणि वाड्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आपण या तबकातल्या नावाचाच थोडा इतिहास पाहावा.

लग्नानंतर स्त्रीने आडनाव बदललेच पाहिजे, तसा कायदाच आहे, असे आपल्यापैकी पुष्कळजणी समजतात. मीही समजत असे. परंतु आपल्याच मुलखाचा इतिहास उघडला तर निराळेच चित्र दिसते. इंदापूरला मालोजीराजे धारातीर्थी पडले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांच्या पत्नी उमाबाई या फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या लेक, ही त्यांची ओळख भोसल्यांच्या घरात येऊन पुसली गेली नाही. बारामती तालुक्यातले सुपे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. तेथला कारभार संभाजी मोहिते यांच्याकडे होता, आणि शिवाजी महाराजांनी पुढे त्यांच्याकडून सुपे घेतले. या मोहित्यांची बहीण तुकाबाई शहाजीराजांना दिलेली. इतिहास आजही तिला मोहित्यांची तुकाबाई म्हणूनच ओळखतो. मोठ्या घराण्यांत लेकीचे माहेर हे तिचे बळ असे. ते लपवून कसे चालेल?

आणि आडनाव ही तरी कोठे अचल वस्तू आहे? कऱ्हेकाठच्या ज्या वाड्यावरून आपण येताजाता जातो, त्याचे धनी बाबूजी नाईक. त्यांचे मूळ आडनाव जोशी. सावकारीने ‘नाईक’ झाले आणि गावावरून ‘बारामतीकर’ म्हणवू लागले. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई याच घराण्यात आबाजी नाईकांना दिली होती. म्हणजे जोशांचे बारामतीकर झाले, त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, आणि भटांची भिऊबाई इतिहासात भिऊबाईच राहिली. पुरुषांची आडनावे वतनाने, हुद्द्याने, गावाने बदलत. स्त्रीचे नाव लग्नाने बदले. फरक इतकाच, की पुरुषाच्या बदलाबरोबर काही ना काही मिळकत येई.

पुढे इंग्रजी अमदानीत दप्तर वाढले. शाळेचा दाखला, जमिनीची नोंद, कोर्टकचेरी, सर्वत्र लेखी नाव लागू लागले. स्वतःचे नाव, मग बापाचे किंवा नवऱ्याचे, आणि शेवटी आडनाव, ही तिपेडी वीण आपल्या इलाख्यात पक्की झाली. त्याच काळातल्या दोन मुली पाहा. कुर्लेकरांची यमुना १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमाबाई रानडे झाली. पुण्याचे सेवासदन त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दुसऱ्या वर्षी कल्याणची यमुना जोशी गोपाळराव जोशांशी लग्न होऊन आनंदीबाई झाली. तिचे आडनाव दोन्हीकडे एकच होते, तरी नाव बदललेच! १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळाली ती आनंदीबाई जोशी या नावाला. यमुनेचे नाव त्या कागदावर नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली विशेष विवाहाचा कायदा झाला आणि १९५५ साली हिंदू विवाहाचा. या दोहोंत पत्नीने पतीचे आडनाव लावावे असे एकही कलम नाही. ही निव्वळ रूढी आहे. बदलावयाचे तर बदलावे, न बदलावयाचे तर तसेच ठेवावे. तथापि रूढीने बदललेले नाव कागदाशी जुळवण्याचे काम मात्र रूढी करीत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

ही अडचण मी आमच्याच घरी पाहिली. माझी आई इंदापूर तालुक्यातली, दिली बारामतीकडे. लग्न १९६४ सालचे. मांडवात झालेले, नोंद कोठेच नाही. तबकात नवे नाव लिहिले गेले आणि त्यानंतर माहेरच्या नावाने तिला फक्त तिची आई हाक मारी. २००८ साली आजोबा वारले. निरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आपल्या भागात आला तेव्हापासून येथल्या रानाची किंमत काय आहे, हे तुम्हां-आम्हांस सांगावयास नको. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केले. १९९४ साली महाराष्ट्राने तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तीही अट गेली. मामांची आडकाठी नव्हती. वारसांच्या अर्जात आईचे माहेरचे नाव होते आणि तिच्या हातातल्या प्रत्येक कागदावर सासरचे.

कचेरीतल्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारले, “बाई, ह्या दोन बाया आहेत का एकच?”

आई काही बोलली नाही. परत येताना एस. टी.त मला म्हणाली, “बापाची लेक आहे हे सांगायला आता साक्षीदार लागतो म्हणायचा.”

प्रतिज्ञापत्र झाले, गावच्या वडीलधाऱ्यांचे जबाब झाले. अखेर उपयोगी पडला तो तिच्या गावच्या प्राथमिक शाळेचा दाखला. चौथीपर्यंतच शिकलेली, पण जनरल रजिस्टरात तिचे नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख शाईने लिहिलेली होती. नोंद मंजूर व्हायला दहा महिने गेले. कित्येक भगिनी भावासाठी हक्कसोड लिहून देतात; तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण हक्क सोडावयाचा म्हटले तरी सोडणारी बाई तीच आहे हे सिद्ध व्हावे लागते.

त्या दिवशी आई म्हणाली, “तांदळातलं नाव जन्मभर वागवलं, अन् कामाला आलं ते मास्तरांनी लिहिलेलं.”

आता मार्ग सोपे झाले आहेत. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंद खेड्यात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपालिकेत होते. ते प्रमाणपत्र म्हणजे दोन नावांमधला पूल होय. ज्यांना सर्व कागदांवर नवेच नाव हवे, त्यांना शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करता येतो. त्यासाठी मुंबईची वारी करावी लागत नाही, अर्ज संगणकावरून जातो. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरविले, की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावे. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीला मालमत्तेच्या दस्तात विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभाही दिली आहे. आमच्या आईला ही मुभा फार उशिरा मिळाली.

आडनाव बदला किंवा बदलू नका, असे सांगण्याचा माझा अधिकार नाही. माझे स्वतःचे बदललेले आहे, आणि त्याची मला खंतही नाही. सांगणे इतकेच, की ज्या घरी लेक किंवा सून नांदते, तेथे विवाहाचे प्रमाणपत्र आणि शाळेचा दाखला दागिन्यांच्या डब्याइतकेच जपून ठेवावेत. आणि आपल्या मंडळाच्या सभासद-वहीत यंदापासून एक रकाना वाढवावा, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे: माहेरचे नाव. पहिली नोंद मी माझ्या हाताने करीन.