ताकद, पैसा आणि भरवसा: ट्रॅक्टर पुलिंगच्या नियमपुस्तकाची गोष्ट

(ऐकायला वेळ नसेल तर वाचा. या भागाचं हे लिखित रूप, बोलण्यातली थोडी काटछाट करून.)



ऊसतोडीच्या दिवसांत दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की त्याची पुढची चाकं हवेत उचलतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो आणि रस्त्यावरचे बघे मोबाईल काढतात. अमेरिकेत हेच दृश्य मुद्दाम घडवून आणणारा एक खेळ आहे, ट्रॅक्टर पुलिंग. मातीचा सरळ ट्रॅक, मागे जोडलेलं प्रचंड ओझं आणि १०-१५ सेकंदांचा खेळ. जो जास्त लांब ओढेल तो जिंकला.

रील्समध्ये धूर आणि आवाज दिसतो. पण या खेळाचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा मला त्यात दुसरीच गोष्ट सापडली. ताकद वाढवली की खर्च वाढतो. खर्च वाचवला की मशीन तुटतं. मशीन तुटू नये म्हणून ते मजबूत केलं की पुन्हा खर्च. या तिढ्यातून वाट काढायला लोकांनी इंजिनापेक्षा जास्त वेळा नियमपुस्तक बदललं. आज त्या पुस्तकाची गोष्ट.

सोमवारी नांगरणारा ट्रॅक्टर

सुरुवात घोड्यांपासून होते. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातले शेतकरी एकोणिसाव्या शतकात कुणाची जोडी जास्त ओढते यावर पैजा लावायचे. जमिनीवर घसरत जाणारा एक लाकडी पाट असायचा, त्यावर वजन ठेवायचं. पुढे एक युक्ती आली. ट्रॅकच्या कडेला ठरावीक अंतरावर माणसं उभी करायची आणि पाट समोरून गेला की एकेकाने त्यावर चढायचं. म्हणजे जितकं पुढे जाल तितकं ओझं जास्त.

१९२९ मध्ये ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीनसारख्या ठिकाणी घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले. तिथे येणारा ट्रॅक्टर शेतातलाच होता हे लक्षात ठेवा. रविवारी स्पर्धा, सोमवारी नांगरणी. खेळाचा वेगळा खर्च जवळपास नाहीच. आणि भरवसा तर आपोआप सांभाळला जायचा, कारण ट्रॅक्टर मोडला तर पेरणी बुडणार. तेव्हा कुणीही इंजिन फुटेपर्यंत ताणत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर मोठे आणि वेगवान झाले आणि हा तोल बिघडला. चालत्या पाटावर चढणाऱ्या माणसांना इजा होण्याची भीती वाढली, म्हणून ट्रॅक्टरच्या वेगावरच मर्यादा घालाव्या लागल्या. शिवाय प्रत्येक जत्रेचे नियम वेगळे. एका गावात चालणारा ट्रॅक्टर शेजारच्या गावात बाद.

१९६७ पासून बोलिंग ग्रीनला राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. १९६९ मध्ये आठ राज्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन स्थापन केली. हेतू साधा होता: सगळीकडे एकच नियम. आपल्या गोष्टीतलं पुस्तक इथे जन्माला आलं.

ओझं ओढणारं नाही, अडवणारं

पाटावर माणसं चढवायची पद्धत पुढे मागे पडली आणि यांत्रिक स्लेड आला. ही कल्पना फार सुंदर आहे, म्हणून दोन मिनिटं थांबू.

स्लेडच्या मागच्या बाजूला चाकं असतात आणि पुढची बाजू म्हणजे जमिनीवर टेकणारं लोखंडी ताट. वर वजनाने भरलेली पेटी. सुरुवातीला पेटी मागे, चाकांच्या वर असते, म्हणून स्लेड सहज सुटतो. स्लेडची चाकं फिरू लागली की गिअर आणि साखळीच्या जोरावर तीच पेटी हळूहळू पुढे सरकते. वजन चाकांवरून ताटावर येतं, ताट मातीत दाबलं जातं, घर्षण वाढत जातं. शेवटी ट्रॅक्टर जागीच थांबतो. पारंपरिक पूर्ण अंतर ३०० फूट, म्हणजे ९१ मीटर. तेवढं पार केलं की 'फुल पुल'. एकापेक्षा जास्त जणांनी फुल पुल केला तर ओझं वाढवून त्यांच्यात पुन्हा सामना.

आता यातला डाव बघा. सुरुवातीला सगळ्यांकडेच ताकद पुरेशी असते. निकाल लागतो शेवटच्या पट्ट्यात, जिथे इंजिनावर सगळ्यात जास्त भार असतो. आणि पहिल्याच फेरीत इंजिनाचा जीव काढलात तर त्याच रात्रीच्या दुसऱ्या फेरीला काय घेऊन येणार? त्यात मोठ्या स्पर्धा-मालिकांमध्ये हंगामभर गुण जमा होतात. एकदा पहिला येऊन दोनदा बंद पडलेल्यापेक्षा दर वेळी तिसरा येणारा पुढे निघू शकतो. म्हणजे भरवशाची किंमत स्पर्धेच्या रचनेतच आहे.

एक इंजिन पुरत नसेल तर?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल आणि पॉल बॉसी या भावांनी क्रॉसबॉक्स आणला. अनेक इंजिनांची ताकद एकाच शाफ्टवर जोडणारी ही गिअरपेटी. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटलं. एक सर्व्हर कमी पडतोय? आणखी चार लावा.

लोकांनी लावलेही. मोटारींची व्ही-८ इंजिनं दोन, तीन, चार. मग विमानांची इंजिनं आली. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-३८ आणि पी-४० या लढाऊ विमानांतलं ॲलिसन व्ही-१२ इंजिन २८ लिटरचं होतं. युद्धानंतर अशी इंजिनं सरकारी शिल्लक म्हणून बाजारात आली होती. एका इंजिनात हजारापेक्षा जास्त हॉर्सपॉवर, तीही शेतकऱ्याला झेपेल अशा वाटेने. पण नवी इंजिनं कुणी बनवत नव्हतं. म्हणजे फुटलेलं प्रत्येक इंजिन हे जगातल्या साठ्यातून कमी झालेलं इंजिन. पुढे हेलिकॉप्टरची टर्बाइनही ट्रॅक्टरवर चढली. वजनाच्या मानाने अफाट ताकद, पण पेडल दाबल्यावर वेग धरायला ती वेळ घेते.

आता भरवशाचं गणित करू. समजा एक इंजिन १०० पैकी ९५ वेळा धड शेवटपर्यंत चालतं. चांगलंच म्हणायचं. पण चार इंजिनं असतील तर चारही नीट चालण्याची शक्यता उरते साधारण ८१ टक्के. दर पाचव्या फेरीला काहीतरी बिघडणार. सर्व्हर एकमेकांची जागा घेतात म्हणून तिथे चार असले की भरवसा वाढतो. इथे चारही एकाच वेळी लागतात, म्हणून भरवसा घटतो. एक बंद पडलं तरी ट्रॅक्टर पुढे जाईल, पण जिंकायला लागणारे शेवटचे काही फूट तिथेच जातात.

डिझेलवाल्यांचा दुसरा रस्ता

ज्यांना ट्रॅक्टर ट्रॅक्टरसारखाच दिसायला हवा होता, त्यांनी एकाच इंजिनात जास्त हवा कोंबायला सुरुवात केली. टर्बो लावला, मग एका टर्बोची दाबलेली हवा दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. काही वर्गांत डिझेलऐवजी मिथेनॉल आलं. पेट्रोलला एक किलो जळायला १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन जाळता येतं, आणि मिथेनॉलची वाफ होताना आत येणारी हवा थंडही होते. मिथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास, तरी एकूण हिशेब फायद्याचा. फक्त पंप मोठा लागतो.

पण ताकद वाढली की तुटण्याची जागा बदलत जाते. आधी हेड गॅस्केट उडतं. ते सांभाळलं की कनेक्टिंग रॉड. रॉड बदलला की क्लच जळतो. क्लच भक्कम केला की मागचा गिअर. शेवटी इंजिनाचा ओतीव ब्लॉकच तडकतो. मग काही जणांनी ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा सिमेंटसारख्या मसाल्याने बुजवल्या. थंड करायची सोय गेली, पण धाव इतकी छोटी की चालून जातं. पुढे धातूच्या अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेले ब्लॉक आले.

पाण्याची वाट बुजवली त्या दिवशी तो ट्रॅक्टर सोमवारी नांगरायला जाणं कायमचं बंद झालं. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातलं मोठं वळण हेच. शेतकऱ्याचं अवजार संपलं आणि रेसिंग मशीन सुरू झालं. बक्षिसाच्या रकमेतून असा खर्च निघणं अवघड, त्यामुळे प्रायोजक किंवा घरचा पैसा हवाच. ज्याच्याकडे फक्त शेतातला ट्रॅक्टर होता, तो आता कुंपणाबाहेर उभा.

पुस्तकाने दार पुन्हा उघडलं

त्याला आत आणलं ते वर्गवारीने. प्रत्येक वर्गात ताकदीच्या एका तोंडाला बूच मारलं. प्रो स्टॉक वर्गाचं उदाहरण घ्या. वजन जास्तीत जास्त १०,००० पौंड, म्हणजे साधारण साडेचार टन. इंजिन ६८० घनइंच, म्हणजे ११ लिटरच्या आसपास. इंधन फक्त डिझेल आणि टर्बो एकच. सुपर फार्म वर्गात त्या एका टर्बोच्या तोंडाचा आकारही ठरलेला. हवा जाणारं भोकच ठरावीक असेल तर पैसे ओतून ताकद वाढवायलाही मर्यादा येते.

मला सगळ्यात आवडतो तो ४६६ हॉट फार्म. यातला आकडा घनइंचांचा, ७.६ लिटर. हाच का? कारण इंटरनॅशनल हार्वेस्टरचं डीटी४६६ आणि जॉन डियरचं ४६६, दोन्ही इंजिनं त्याच मापाची आणि भरपूर विकली गेलेली. डीटी४६६ तर ट्रकमध्ये आणि शाळेच्या बसमध्येही होतं. सुटे भाग भंगारात मिळतात, सिलिंडरच्या स्लीव्ह बदलता येतात, तालुक्याच्या मेकॅनिकचा हात बसलेला. नियम लिहिणाऱ्यांनी इंजिन निवडलं नाही, सुट्या भागांचं अख्खं दुकान निवडलं.

अर्थात पैसा वाट शोधतोच. टर्बोचं तोंड ठरवून दिलं, तर त्याच तोंडातून जास्त हवा कशी जाईल यावर खर्च सुरू झाला. महागडे टर्बो, महागडे हेड, इंजिन तपासायची यंत्रं. स्वस्त म्हणून सुरू झालेला वर्ग काही वर्षांत महाग होतो आणि मग त्याच्या खाली नवा, अजून मर्यादित वर्ग काढावा लागतो. ही शिडी खालून वाढत राहते. काही लोक याला नियमांचं अपयश म्हणतात. मला वाटतं हीच त्यांची देखभाल. सॉफ्टवेअर एकदा लिहून सोडून देता येत नाही, तसंच.

जीव वाचवणारी पानं

याच पुस्तकात काही पानं अशी आहेत ज्यांवर वाटाघाट नाही. ट्रॅक्टरच्या मागे किल स्विच असतो आणि त्याची दोरी स्लेडला बांधलेली असते. जोडणी तुटून ट्रॅक्टर सुटला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून तिथे हवेची वाटच झडप टाकून बंद करतात. क्लचभोवती पोलादी कवच, टर्बोभोवती कवच, इंजिनाच्या बाजूंना जाड पत्रे. मागे जादा टेकू, म्हणजे पुढची चाकं उचलली तरी ट्रॅक्टर उलटा ड्रायव्हरवर पडणार नाही.

या सगळ्याचा अर्थ असा की मशीन कधीतरी फुटणारच हे पुस्तकाने मान्य केलंय. फुटल्यावर कुणी मरू नये, एवढं बघायचं.

आपल्याकडच्या रील्स

आता तुमच्या फोनकडे येऊ. पंजाबमधल्या 'टोचन'च्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून बांधायचे आणि कोण कुणाला ओढतो ते बघायचं. त्याच जत्रांमध्ये ट्रॅक्टरवरचे स्टंटही चालायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुरुदासपूर जिल्ह्यात असा स्टंट करताना एका तरुणाचा मृत्यू झाला आणि पंजाब सरकारने ट्रॅक्टरच्या धोकादायक स्टंटवर बंदी घातली. एक जीव गेल्यावर ती घालणं स्वाभाविकच होतं.

पण बोलिंग ग्रीनची गोष्ट आठवा. तिथेही सुरुवातीला चालत्या पाटावर माणसंच चढत होती. ट्रॅक्टर आल्यापासून समान नियम लिहिणारी संघटना व्हायला ४० वर्षं लागली. तिथली पोरं आपल्यापेक्षा शहाणी नव्हती. कुणीतरी बसून ठरवलं की वजन किती, टर्बो केवढा, दोरी कुठे बांधायची. मग ते लिहून काढलं आणि दर हंगामाला त्यावर भांडत राहिले.

आपल्याकडे ट्रॅक्टर आहेत, मेकॅनिक आहेत, बघायला येणारी गर्दी तर आहेच. नसलं तर ते पुस्तक. तोवर पुढची रील शेअर करण्याआधी एकदा बघा, ट्रॅक्टरच्या मागे किल स्विचची दोरी दिसते का. दिसली नाही, तर तो स्टंट आहे.

आज इथेच थांबतो. तुमच्या गावातल्या ट्रॅक्टरचे किस्से असतील तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!