सामान्य माणसाच्या आठवणी हाही इतिहासच

बंगळूरच्या मराठी माणसाचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण शहाजीराजांपासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. 1638 मध्ये हे शहर विजापूरच्या फौजेने घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिरातला 1669 चा शिलालेख व्यंकोजीराजांच्या दानाची साक्ष देतो. एवढे सांगून झाले की आपण थेट आजच्या उत्सवावर येतो. मग मधली माणसे कुठे गेली?

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने इथे विमानांचा कारखाना सुरू केला. तोच पुढे एचएएल झाला. 1948 मध्ये आयटीआय आली, 1954 मध्ये बीईएल, 1984 मध्ये यलहंकाचा रेल्वेच्या चाकांचा कारखाना. अशा कारखान्यांत, रेल्वेत, बँकांत नोकरी धरून आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा इथे आले. त्यांच्या नावाचा शिलालेख कुठे नाही. त्यांचा इतिहास फक्त घरात आहे, आणि तोही तोंडी.

अशा तोंडी आठवणींतूनच मराठीतली दोन फार मोलाची पुस्तके झाली आहेत, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

पहिले विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे एक गरीब भिक्षुक. घरावर कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असे कळले म्हणून ते 1857 मध्ये चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. म्हणजे पोटासाठी मुलूख सोडणाऱ्या तुमच्या-माझ्यासारखाच माणूस! वाटेत बंड पेटले. 1858 मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. मिळवलेले लुटले गेले, तरी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. पुढे पंचवीसेक वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांनी त्यांना हे सारे लिहून काढण्याचा आग्रह केला, आणि भटजींनी ते मोडीत लिहिले. पुस्तक छापून आले 1907 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. वैद्यांनी आग्रह धरला नसता, तर झाशीच्या वेढ्यात सापडलेल्या एका साध्या मराठी माणसाने काय पाहिले, ते आपल्याला कधीच कळले नसते.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई 1868 मध्ये त्र्यंबकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. शाळा अशी नाहीच. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. नवरा नारायण वामन टिळक, मोठा कवी, पण हातात पैसा टिकत नसे. रेल्वेतल्या आपल्या मंडळींना विशेष वाटेल अशी एक गोष्ट त्यात आहे. राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांना एक युरोपियन प्रवासी भेटला. बोलता बोलता ओळख वाढली आणि त्याने त्यांना बायबल वाचायला दिले. एका डब्यातल्या त्या गप्पांनी पुढे सगळ्या घराची दिशा बदलली. 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षे लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, नंतर पतीकडे गेल्या आणि पुढे स्वतः विचार करून त्यांनीही तोच धर्म घेतला.

हे दुःख लहान नव्हते. तरी बाईंनी ते सांगताना कोणावर राग धरलेला नाही. स्वतःची फजितीसुद्धा त्या हसत हसत सांगतात. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी माहिती जमवत होता, म्हणून त्याने आईला आठवणी लिहायला सांगितले. चरित्र व्हायचे होते कवी टिळकांचे. घडले ते लक्ष्मीबाईंचे. 1934 ते 1936 या काळात चार भागांत ते प्रसिद्ध झाले. 1936 च्या फेब्रुवारीत बाई वारल्या. आणखी दोन-तीन वर्षे विचारायचे राहिले असते, तर आज आपल्या हाती काहीच नसते.

दोन्ही ठिकाणी कोणीतरी विचारले, म्हणून सांगणाऱ्याने सांगितले. आपल्या घरी विचारतो का कोणी?

रेल्वेत प्रत्येक पुलाला नंबर असतो आणि त्याच्या नावाने रजिस्टर असते. पूल कधी बांधला, दुरुस्ती कधी झाली, सगळे त्यात सापडते. मिरजेचेच घ्या. एके काळी या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ होते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, पण मिरज–बंगळूर मार्ग 1990 च्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिला. मधली वीसेक वर्षे पुण्याहून इकडे येणाऱ्याला मिरजेला गाडी बदलावी लागे. गेज कधी बदलले ते दप्तरात मिळेल. पण ट्रंक, वळकटी, लोणच्याची बरणी आणि पेंगुळलेली पोरे सांभाळत त्या फलाटावरून कोण कसे गेले, ते फक्त आपल्या आईला किंवा मावशीला ठाऊक आहे.

आपली नातवंडे घरी मराठी बोलतात, पण त्यांतली बरीचशी देवनागरी अडखळत वाचतात. गणपतीत त्यांना आरती पाठ येते. आजोबा या गावात पहिल्यांदा कुठल्या खोलीत राहिले, हे मात्र माहीत नसते. इथे आलेली पहिली पिढी आता थकली आहे, त्यातले काही जण गेलेसुद्धा.

म्हणून एक विनंती. "तुमचे आयुष्य सांगा" असे म्हटले तर म्हातारी माणसे "आमचे काय, चारचौघांसारखेच" म्हणून विषय संपवतात. त्यापेक्षा लहान लहान प्रश्न विचारावेत. पहिला पगार किती होता? खोलीचे भाडे किती? कन्नडमधला पहिला शब्द कोणता शिकलात, आणि कोणी शिकवला? पहिल्या वर्षी गणपतीची मूर्ती कुठून आणली? उत्तरे वहीत तारीख घालून लिहून ठेवावीत. बोलणे मोबाईलवर घेतले तरी चालेल, पण सवडीने ते कागदावर उतरवावे आणि खाली सांगणाऱ्याचे नाव लिहावे.

उत्सवाच्या दहा दिवसांत घर भरलेले असते, सगळे एकत्र बसतात. या कामाला याहून चांगला मुहूर्त नाही. मंडळाने ठरवले तर पुढच्या स्मरणिकेत अशा आठवणींसाठी चार पाने राखून ठेवता येतील.

गणपती बाप्पा मोरया!